पोळ्या करताना येणारा पाच नंबर

बॉयलर म्हटलं की आपल्या माणसांच्या डोळ्यांसमोर साखर कारखाना येतो. मी नेदरलँड्समध्ये बॉयलरच्या कंपनीत नोकरीला लागले, असं पुण्याला फोन करून सांगितलं, तेव्हा माझ्या मावशीने विचारलं, "म्हणजे कोळसा वगैरे टाकावा लागतो का गं?" मी म्हटलं, "नाही, मी फक्त फोन उचलते." त्यावर ती जास्तच काळजीत पडली.

तर आधी ते यंत्र म्हणजे काय, ते सांगते. थंड देशातल्या घरात स्वयंपाकघरातल्या कपाटात किंवा पोटमाळ्यावर एक पांढरी पेटी भिंतीला टांगलेली असते. तिच्यात गॅस जळतो, त्यावर पाणी तापतं आणि ते गरम पाणी नळ्यांमधून घरभर फिरून खोल्या उबदार ठेवतं. आंघोळीचं पाणीही तीच देते. जानेवारीत ही पेटी सकाळी बंद पडली, तर संध्याकाळी माणसं घरात कोट घालून बसतात. पण ती मुकाट्याने बंद पडत नाही. तिच्या तोंडावर एक लहानशी काच असते, तिथे एक आकडा लुकलुकायला लागतो. त्याला म्हणायचं फॉल्ट कोड. कुठे दुखतंय ते पेटी त्या आकड्याने सांगते. पंचाईत अशी, की प्रत्येक कंपनीचे आकडे निराळे. एकीचा चार म्हणजे पंखा अडकला, तर दुसरीचा चार म्हणजे गॅस पेटत नाही. त्यामुळे आकडा कळला तरी तो कुठल्या पेटीचा आहे, हे कळल्याशिवाय काहीच कळत नाही.

आमची कंपनी आइंडहोव्हनमध्ये या पेट्या दुरुस्त करायची. दोन हजार पाचच्या सुमारास भारतातून आलेल्या आयटीवाल्या कुटुंबांचे फोन वाढले, आणि इंग्रजी बोलणारं कुणीतरी हवं म्हणून मला घेतलं. मी पुण्यात शाळेत विज्ञान शिकवत होते. नवऱ्याच्या नोकरीपायी आइंडहोव्हनजवळच्या न्यूनेनला येऊन पडले होते आणि घरात बसून कंटाळले होते. गिऱ्हाइकाने फोन करायचा, मी पेटीचं नाव आणि आकडा विचारायचा, तक्त्यात बघायचं, घरच्या घरी सुटण्यासारखं असेल तर उपाय सांगायचा, नाहीतर मेकॅनिक पाठवायचा. एवढंच काम.

पहिले काही महिने माझा नुसता गोंधळ. डच लोक चोवीसला 'चार आणि वीस' म्हणतात. मी इंग्रजीच्या सवयीने आधी ऐकलेला आकडा आधी लिहायचे आणि चोवीसचे बेचाळीस करून ठेवायचे. आमची साहेबीण हेनी, पन्नाशीची, मोठ्या आवाजाची बाई, ती माझ्या खुर्चीमागे उभी राहून हसायची. मग एकदा डोक्यात आलं, की आपणही चोवीस म्हणताना आधी चारच म्हणतो की. चो आणि वीस. त्या दिवसापासून मी डच आकडे मराठीत ऐकायला लागले आणि चुका थांबल्या. हे मी हेनीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "वृंदा, तुमच्या लोकांना आधीच सगळं येत असतं, फक्त आठवायला वेळ लागतो."

गिऱ्हाइकंही एकेक. एका गृहस्थांनी मला चार आकडी कोड सांगितला. तेवढा मोठा कोड जगात नव्हता. बरीच चर्चा झाल्यावर कळलं, की ते मला ओव्हनवरचं घड्याळ वाचून दाखवत होते. एक बाई काही न बोलता फोन पेटीला लावून धरायच्या, म्हणजे आवाजावरून मी ओळखावं. आणि निम्मी मंडळी पेटीचं नाव म्हणून बैठकीच्या खोलीतल्या डबीवरचं नाव सांगायची. ती डबी म्हणजे थर्मोस्टॅट. खोली किती गरम हवी ते तिच्यावर ठरवायचं असतं. ती बनवणारी कंपनी बऱ्याचदा वेगळीच असते, आणि तीही पेट्या बनवत असली की तिचाही तक्ता आमच्याकडे असतो.

मंदारची सुरुवात तिथूनच झाली.

मंदार साताऱ्याचा. आइंडहोव्हनमध्ये सॉफ्टवेअरमध्ये होता. बायको केतकीही नोकरी करायची. चार वर्षांची मुलगी सई शाळेत जायची. नातीला बघायला म्हणून मंदारची आई हिवाळाभर त्यांच्याकडे राहायला आली होती. सगळे एका जुन्या उंच इमारतीत भाड्याने राहत होते. प्रत्येक मजल्यावर घरांच्या दारांसमोरून उघडी गॅलरी जाते, तसली इमारत.

त्याचा पहिला फोन इंग्रजीत सुरू झाला आणि माझं नाव ऐकून मराठीत आला. "पाच नंबर येतोय," तो म्हणाला. पेटीचं नाव विचारलं, त्याने सांगितलं. मी त्या तक्त्यात पाहिलं. पाच म्हणजे पाण्याचा दाब कमी. पाणी कसं भरायचं ते त्याला सांगितलं. त्याने भरलं, पुन्हा पेटवायचं बटण दाबलं, पेटी चालू झाली, त्याने आभार मानले. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन. पुन्हा पाच. त्याने पुन्हा पाणी भरलं. तिसऱ्या वेळी म्हणाला, "आता खालच्या नळीतून पाणी टपकायला लागलंय, आणि पाच आहेच."

पाणी जास्त झालं की टपकतं, मग दाब कमी कसा असेल? तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "मंदार, तुम्ही नाव वाचताय ते कुठे उभं राहून?"

"हॉलमध्ये. थर्मोस्टॅटवर आहे ना."

"स्वयंपाकघरात जा आणि पेटीवरचं वाचा."

नाव वेगळं निघालं. पेटी बरीच जुनी, तिचा तक्ताही वेगळा. त्या तक्त्यात पाचसमोर जो डच शब्द होता, त्याचा शब्दशः अर्थ 'उलटा फटका'. मला काही बोध होईना. हेनीला विचारलं. तिने हात वर नेऊन खाली आणून दाखवला. "धूर. वर जायच्या ऐवजी खोलीत परत येतो. मेकॅनिक पाठव. आजच."

यातलं विज्ञान साधं आहे. नव्या पेट्या जळायला लागणारी हवा नळीने बाहेरून घेतात. ही जुनी पेटी खोलीतलीच हवा घ्यायची आणि जळालेला वायू धुराड्यातून छतावर सोडायची. तो वायू काही कारणाने खोलीत परत येऊ लागला, तर पेटीतला एक सेन्सर तापतो, गॅस बंद करतो आणि पाच दाखवतो. परत आलेला वायूच पुन्हा जळणात ओढला गेला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार व्हायला लागतो. त्याला वास नाही, रंग नाही.

त्याच दिवशी आमचा मेकॅनिक टोन तिकडे गेला. टोन म्हणजे सहा फुटी, शांत, गावाकडच्या बोलीत बोलणारा माणूस. त्याच्या खिशात एक लहान आरसा असायचा. पेटीच्या वरच्या बाजूला धुराडं सुरू होतं, तिथे पेटी चालू असताना आरसा धरायचा. धूर परत येत असेल तर आरशावर वाफ धरते. टोनने बराच वेळ आरसा धरून पाहिला. काच कोरडी. धुराडं मोकळं. स्वयंपाकघराच्या भिंतीत हवा आत यायला जाळी असते, तीही मोकळी. संध्याकाळी येऊन त्याने सांगितलं, "सगळं ठीक आहे. सेन्सर जुना आहे, उगीच घाबरत असेल." दोन दिवसांनी जाऊन त्याने नवा सेन्सर बसवला.

पुन्हा पाच.

आता आम्ही सगळेच चक्रावलो. पेटी म्हणते धूर येतोय, आरसा म्हणतो येत नाही.

त्या दिवसांत एका सकाळी फोन आला आणि पलीकडून एक वयस्कर बायकी आवाज, अगदी सावकाश आणि सुस्पष्ट इंग्रजीत म्हणाला, "प्लीज कनेक्ट मी टू द मराठी लेडी."

"मीच बोलतेय," मी म्हटलं.

"नमस्कार. मी मंदारची आई. अडचण आली तर या नंबरवर मराठी बाई आहेत, असं त्याने सांगून ठेवलंय. पेटीवर पाच आहे. दिवा तांबडा आहे. वेळ साडेदहा."

असा नेटका निरोप मला कुणी दिला नव्हता. मी तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, मी टेलिफोन ऑपरेटर होते साताऱ्याला. ट्रंक कॉल जोडायचे. सगळं आयुष्य दुसऱ्यांचे निरोप बरोबर पोचवण्यात गेलं."

मग त्या अधूनमधून फोन करू लागल्या. मी त्यांना काकू म्हणायचे, त्या मला अगं-तुगं करायच्या. एकदा म्हणाल्या, "एक सांगू का? मी पोळ्या करायला घेतल्या की हे बंद पडतं."

"रोज?"

"रोज नाही, पण बंद पडतं तेव्हा मी पोळ्याच करत असते. किंवा भाजीला फोडणी घातलेली असते."

मी टोनला सांगितलं. तो हसला नाही, विचार करू लागला. शेगडीचा आणि पेटीचा गॅस एकाच नळीतून येतो. शेगडी पेटली की पेटीला गॅस कमी पडत असेल. तो पुन्हा गेला, शेगडीचे चारही बर्नर लावून गॅसचा दाब मोजून आला. दाब उत्तम होता.

मी मंदारला फोन केला आणि आईंचं म्हणणं कानावर घातलं. तो आवाज खाली आणून म्हणाला, "वृंदाताई, तुम्ही आईचं फार मनावर घेऊ नका. तिचं हल्ली बरं नाहीये. काहीच्या काही बोलते. परवा सईला माझ्या बहिणीच्या नावाने हाक मारत होती. आमटीत दोनदा मीठ घातलं. सारखं डोकं दुखतं म्हणते. डॉक्टरांकडे नेलं होतं, ते म्हणाले वय आहे, हवामानबदल आहे. मला वाटतं तिला स्मृतिभ्रंश सुरू झालाय. आम्ही तिला लवकर परत पाठवायच्या विचारात आहोत. इथे एकटी घरात असते दिवसभर, काही झालं तर?"

मला वाईट वाटलं. पण त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. काकूंच्या फोनमध्येही फरक पडत चालला होता. एकच वाक्य दोनदा यायचं. एकदा त्या बोलता बोलता गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "मी कशासाठी फोन केला होता गं?" मीही मनात मंदारच्या बाजूला झुकले. म्हातारपण आहे, परका देश आहे, असं म्हणून मोकळी झाले.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी, बाहेर वारा सुटलेला असताना, त्यांचा फोन आला. "हॅलो," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "साताऱ्याची लाइन लागत नाहीये."

"काकू, मी वृंदा. आइंडहोव्हनहून."

"पाच आहे. मी बटण दाबते, ते पेटतं, परत पाच. मंदार म्हणाला दाब, की दाबते. मघापासून दाबतेय." शब्द एकमेकांत अडकत होते, जीभ जड झाल्यासारखे. "उलटी झाली मला आत्ता. पोळ्या राहिल्यात तशाच."

पेटी बंद पडली की बटण एकदा दाबून पाहायचं, पुन्हा बंद पडली तर हात लावायचा नाही, असा आमचा नियम. मंदारने आईला दाबायचं सांगितलं होतं, एकदाच हे सांगायचं राहून गेलं होतं. डोकेदुखी, विसर, उलटी, जड जीभ, सगळी त्या वायूचीच लक्षणं होती. दरवेळी पेटी घरातल्या माणसांना वाचवायला बंद होत होती, आणि दरवेळी काकू तिला पुन्हा पेटवत होत्या.

मी फोनवर हात ठेवून हेनीला हाक मारली. पत्ता दाखवला, "धूर" एवढंच म्हटलं. तिने दुसरा फोन उचलून रुग्णवाहिका बोलावली.

"काकू, ऐका. शेगडी बंद करा. आता बटण दाबायचं नाही. खिडकी उघडा आणि दार उघडून बाहेर गॅलरीत जा."

"खिडकी नको. वास बाहेर जातो. केतकी रागावते."

"केतकीला मी सांगते. खिडकी उघडा."

खुडबुड ऐकू आली. मग, "उघडली. थंडी आहे गं."

"आता बाहेर."

"स्वेटर घालते. चपला कुठे गेल्या?"

"चपला राहू द्या काकू. तशाच बाहेर जा."

"दार लागलं तर? किल्ली सापडत नाही मला. बाहेर राहिले तर मंदार म्हणेल, आईला एवढंही कळलं नाही."

मी घाबरले होते, आणि घाबरल्यावर मला शाळेतला आवाज लागतो. म्हटलं, "ऑपरेटर, निरोप घ्या. साताऱ्याहून अर्जंट आहे. घराबाहेर उभं राहायचं आणि मी सांगेपर्यंत लाइन तोडायची नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. दार उघडल्याचा आवाज आला आणि फोनमध्ये वारा घुसला. शेजारची डच बाई काहीतरी विचारत होती, तेही ऐकू आलं. मी काकूंना म्हटलं, फोन तिच्याकडे द्या. माझ्या मोडक्या डचमध्ये त्या बाईला सांगितलं, की हिला आत जाऊ देऊ नका, ब्लँकेट द्या. तिने काकूंना आपल्या घरात नेलं. रुग्णवाहिका आली, ते मला त्या बाईकडूनच कळलं.

टोन तेव्हा जवळच कामावर होता. हेनीने त्याला तिकडे पाठवलं आणि मला म्हणाली, "तूही जा. तिथे कुणाला भाषा लागेल."

मी पोचले तेव्हा काकूंना हॉस्पिटलमध्ये नेलं होतं आणि मंदार त्यांच्याबरोबर गेला होता. केतकी ऑफिसमधून धावत आलेली, कोटही काढलेला नाही, अशी स्वयंपाकघराच्या दारात उभी. टोनने पेटी चालू करून आरसा धरला होता. काच कोरडी.

"मला कळत नाही," तो म्हणाला. इतक्या वर्षांच्या कारागिराने असं म्हटलं की पायाखालची जमीन हलते. रुग्णवाहिकेतल्या लोकांनी काकूंची लक्षणं वायूचीच सांगितली होती, आणि इथे वायू नव्हता.

मी ते स्वयंपाकघर बघत राहिले. ओट्यावर पोळपाट, लाटणं, अर्ध्या कणकेवर कोरडा पापुद्रा धरलेला. शेगडीवर तवा. तव्याच्या वर धूर ओढणारा मोठा पंखा, आधीच्या भाडेकरूने भिंतीला भोक पाडून बसवलेला. आणि त्या पंख्याखाली जमिनीवर एक जुनी दुलई गुंडाळून पडलेली.

"ही इथे कशाला?" मी केतकीला विचारलं.

तिने भिंतीतल्या जाळीकडे बोट दाखवलं. "तिथून गार वारा येतो. आई तिथेच बसतात, पाठीला लागतो. म्हणून कोंबून ठेवतो. आत्ता ऍम्ब्युलन्सवाल्यांनी ओढून काढली."

"टोन आला होता तेव्हा नव्हती."

"कुणी यायचं असलं की आई सगळं आवरतात. दुलई काढतात, खिडकी उघडून ठेवतात, स्वयंपाक करत नाहीत. मीच सांगितलं होतं त्यांना." ती ओठ चावत होती. "शेजारून वासाची तक्रार आली होती. मी म्हटलं होतं, फोडणी घातली तर पंखा फुल ठेवा, खिडकी उघडू नका, दार ओढून घ्या, आणि घरी कुणी येणार असेल तर वास राहू देऊ नका."

मी हे टोनला डचमध्ये सांगायला लागले आणि अर्ध्यातच तो उठला. त्याने खिडकी लावली. दुलई उचलून जाळीत कोंबली. स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि आम्हाला दाराबाहेर उभं केलं. मग दाराच्या काचेतून दिसेल असा आरसा एका हाताने धरला आणि दुसऱ्या हाताने पंखा फुल केला.

पंखा घरघरला. थोड्याच वेळात आरसा कडेकडून पांढरा होऊ लागला, मग सगळाच झाकला गेला. टोनने तो आमच्याकडे वळवला. पेटी बंद झाली आणि तिच्या काचेवर पाच लुकलुकायला लागला. त्याने लगेच खिडकी उघडली.

पंखा खोलीतली हवा बाहेर ढकलत होता. त्या जागी नवी हवा यायला वाट नव्हती, कारण जाळी बंद, खिडकी बंद, दार बंद. मग पंख्याने एकुलत्या एका मोकळ्या वाटेने हवा खाली ओढली. ती वाट म्हणजे धुराडं. पोळ्या करताना, फोडणी देताना पंखा फुल. आणि टोन येई तेव्हा पंखा बंद, जाळी मोकळी, घर आवरलेलं. काकूंनी पहिल्यापासून सांगितलेला निरोप शब्दन् शब्द खरा होता.

केतकी गॅलरीत जाऊन रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती म्हणाली, "मी त्यांच्या हातातलं लाटणं काढून घेतलं होतं एकदा. म्हटलं, आई, तुम्ही बसा, तुमच्याच्याने होत नाही आता. त्या दिवशीही यामुळेच..."

टोनने पेटीचा गॅस तोडून तिला कुलूप घातलं. घरमालकाने आधी बरीच टाळाटाळ केली, पण हेनी त्याच्याशी फोनवर ज्या आवाजात बोलली, ते ऐकून आमच्या ऑफिसातली टायपिंगची टकटक थांबली. शेवटी बाहेरून हवा घेणारी नवी पेटी बसली. त्यानंतर जुन्या पेटीवाल्या घरातून फोन आला की मी आकडा विचारल्यावर आणखी विचारू लागले. आत्ता घरात काय चाललंय, खिडक्या कशा आहेत, डोकं कुणाचं दुखतंय का. माझे फोन लांबले. महिन्याच्या बैठकीत तशी कुरकूर झाली, तेव्हा हेनी म्हणाली, "लांबू देत." यापलीकडे तो विषय गेला नाही.

काकूंना हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन लावला. रक्तात वायू सापडला. डॉक्टर म्हणाले, त्याचा परिणाम उतरेल, पण वेळ लागेल, आणि पूर्ण उतरेल की नाही ते आत्ता सांगता येत नाही. मंदारने तिकिटाचा विषय काढला नाही. स्मृतिभ्रंशाचाही काढला नाही. मला तो फोनवर एवढंच म्हणाला, "ताई, त्या दिवशी आईला जे झालं ते वायूनं, पण त्याआधीचं विसरणं वायूचं की वयाचं, ते मला आता समजतच नाही. कुठलं खरं मानू?"

एप्रिलमध्ये ट्यूलिपचे दिवस आले तेव्हा त्यांनी मला जेवायला बोलावलं. काकूंना मी पहिल्यांदाच समोर पाहिलं. आवाजावरून मला उंच बाई वाटल्या होत्या. प्रत्यक्षात ठेंगण्या, गोऱ्या, केस घट्ट बांधलेले. त्यांनी मला ओळख विचारली नाही, सरळ हात धरला. पोळ्या त्यांनीच केल्या होत्या. केतकी शेजारी उभी राहून तूप लावत होती आणि दोघींचं बोलणं बेताचंच चाललं होतं. नाव विसरणं गेलं होतं, असं मंदारने मला बाजूला घेऊन सांगितलं. मधूनच एखादा शब्द अडतो, एवढंच.

जेवणं झाल्यावर मी काकूंना विचारलं, आता बरं वाटतं ना?

"बरं वाटतं," त्या म्हणाल्या. "डोकं हलकं झालं. पण तुला एक सांगते. ते दिवस मला सगळे आठवतात. मला आठवत नाही असं धरून ही दोघं माझ्यासमोर बोलायची. आईला खाली नेऊ का, आईने गोळी घेतली का, आईला काही सुचत नाही. मी तिथेच बसलेली. मला तोंड उघडून मध्ये बोलायचं असायचं आणि शब्द यायचे नाहीत. लाइन चालू आणि पलीकडे कुणी ऐकतच नाही, तसं."

मंदार स्वयंपाकघरात चहा टाकत होता. त्याला हे ऐकू गेलं असावं, कारण भांड्यांचा आवाज थांबला. मग तो सवयीने म्हणाला, "केतकी, आईला साखर किती घालू?"

केतकीने उत्तर दिलं नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या ते लक्षात यायला क्षणभर लागला. मग तो चमचा हातात घेऊन बाहेर आला, आईच्या खुर्चीसमोर खाली बसला आणि म्हणाला, "आई, साखर किती?"

काकूंनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"मी साखर सोडून किती वर्षं झाली मंदार. तू घालत होतास, म्हणून पीत होते."